विश्लेषण : दहावीत कोकण अव्वल, मग वेळणेश्वरच्या पालकांना घोर कशाचा?

दहावीचा निकाल लागला की कोकणातल्या बातमीचा मथळा आधीच ठरलेला असतो : ‘कोकण पुन्हा अव्वल’. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी स्वतंत्र विभागीय मंडळ झालं आणि २०१२ पासून या विभागाने पहिला क्रमांक सोडलेला नाही. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता, कोकणाचा ९८.८२ टक्के. त्याच्या आदल्या वर्षी राज्य ९५.८१ आणि कोकण ९९.०१. म्हणजे शंभरातलं एखाद-दुसरंच मूल मागे राहतं.

तरीही गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरसारख्या गावात निकालानंतरचे दिवस निवांत जात नाहीत. पेढे वाटून होतात आणि लगेच धावपळ सुरू होते. सायन्स घ्यायचं की कॉमर्स? कॉलेज शृंगारतळीचं, गुहागरचं की थेट चिपळूणचं? पहिली एसटी किती वाजता, शेवटची किती वाजता? जातीचा दाखला कुठे आहे? आणि अर्जाचा ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर गेलाय, वडील मुंबईत कामावर आहेत, फोन उचलत नाहीत.

हे प्रश्न मे-जूनमध्ये पडतात. उत्तरांची तयारी मात्र आठवी-नववीतच करावी लागते. मुलांनी आणि पालकांनी नेमकं काय, कधी पाहायचं?

९८ टक्के निकाल काय सांगतो, काय सांगत नाही?

दहावीच्या बहुतेक विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा असते आणि २० गुण शाळेच्या हातात असतात. तोंडी परीक्षा, गृहपाठ, प्रात्यक्षिक वगैरे. पास व्हायला ३५ गुण लागतात. आता साधं गणित मांडू. शाळेने २० पैकी १८ दिले, तर लेखी पेपरात ८० पैकी १७ गुण मिळाले तरी विद्यार्थी पास. शंभराच्या हिशेबात हे २१ टक्के होतात.

शिवाय गटवार उत्तीर्णतेची सोय आहे. गणित आणि विज्ञान मिळून २०० पैकी ७० गुण आणि प्रत्येकात किमान २५ असले तरी चालतं. तीन भाषांसाठी मिळून १०५ गुण, प्रत्येकीत किमान २५. म्हणजे गणितात २७ आणि विज्ञानात ४३ मिळवणारा विद्यार्थीही पास होतो, आणि निकालाच्या टक्केवारीत त्याची गणती ९५ टक्केवाल्याच्या बरोबरीने होते.

शाळेच्या गुणांचं वजन किती, हे २०१९ मध्ये राज्याने पाहिलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. कोकण तेव्हाही पहिलाच, पण ८८.३८ टक्क्यांवर. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले. २०२० चा निकाल : राज्य ९५.३० टक्के, कोकण ९८.७७. एका वर्षात मुलं इतकी हुशार झाली असतील, असं कुणी म्हणणार नाही.

याचा अर्थ कोकणाचं यश खोटं आहे असा नाही. अंतर्गत गुण गेले त्या वर्षीही हा विभाग राज्याच्या सरासरीपेक्षा अकरा टक्क्यांनी वर होता आणि ते फुकट मिळत नाही. पण घरात एकच आकडा पाहून निर्णय घेतला तर फसगत होऊ शकते. गुणपत्रिकेवर गणितात ५५ आहेत. त्यातले १९ शाळेचे असतील, तर लेखी पेपरात ८० पैकी ३६ मिळाले. अशा मुलाने सायन्स घेऊ नये असं नाही. अकरावीच्या सुट्टीत आधी नववी-दहावीचं बीजगणित पक्कं करावं लागेल, एवढं त्याला आणि पालकांना ठाऊक हवं.

म्हणून नववीपासूनच घटक चाचणी आणि सहामाहीचे लेखी गुण वेगळे लिहून ठेवावेत. पालकसभेत ‘मुलगा कसा आहे?’ असं मोघम विचारण्यापेक्षा ‘लेखी पेपरात कुठल्या प्रश्नात गुण जातात?’ असं विचारलं तर शिक्षकांनाही नेमकं सांगता येतं. तपासलेली उत्तरपत्रिका घरी पाहायला मागितली, तर कुठलीही शाळा सहसा नाही म्हणत नाही. पाठ्यपुस्तक हरवलं, भिजलं, तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. त्यासाठी गाइड विकत घ्यायला चिपळूणला जायची गरज नाही.

यात्रा, शिमगा आणि पेपर

दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. वेळणेश्वरला याच दिवसांत महाशिवरात्रीची यात्रा भरते आणि मागोमाग शिमगा येतो. २०२५ चं वेळापत्रक पाहा : परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला, होळी १३ मार्चला आणि परीक्षेचा शेवट १७ मार्चला. पालखी घरी यायची, मुंबईचे पाहुणे यायचे आणि मुलीचा पेपरही असायचा.

‘यंदा शिमगा बंद’ असं कोकणातल्या घरात सांगून चालत नाही, आणि चालू नये. पण घरात पाहुण्यांची पथारी पडणार असेल, तर अभ्यासाची जागा आधी ठरवता येते. शेजारचं घर, मंदिराच्या आवाजापासून लांब असलेली आत्याची पडवी, शाळेतली अभ्यासिका. मुंबईकरांना वेळापत्रकाचा फोटो जानेवारीतच व्हॉट्सॲपवर पाठवला तर तेही समजून घेतात. सवाल चार पेपरांचा असतो.

एक गोष्ट मात्र सुट्ट्यांच्या हिशेबात विसरली जाते. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. गणपतीत मुंबईकरांबरोबर आठवडाभर, मग मे महिन्याच्या सुट्टीला जोडून दहा दिवस, मध्ये लग्नसराई. नववीत हे खपून जातं, दहावीत नाही.

नावातली चूक आणि आजोबांचा दाखला

दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापलं जातं ते पुढे आयुष्यभर सोबत राहतं. बँक, पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे. हे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमधून येतं. परीक्षेचा अर्ज भरल्यावर मंडळाकडून प्री-लिस्ट येते, ती विद्यार्थ्याला दाखवून त्यावर सही घेतली जाते. ही सही घाईत होते. मधल्या सुट्टीत, रांगेत, न वाचता.

इंग्रजी स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख या तीन गोष्टी तेव्हा बारकाईने पाहायच्या. आधार कार्डावर वेगळं, जन्मदाखल्यावर वेगळं आणि शाळेत तिसरंच, हा प्रकार कोकणात नवा नाही. कुणाच्या आडनावाऐवजी गावाचं नाव लागलेलं असतं. विद्यार्थी शाळेत शिकत असताना अशी नोंद पुराव्यानिशी दुरुस्त करून घेता येते. शाळा सोडल्यानंतर तेच काम महाकठीण होतं. आठवीत असतानाच तिन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहिले, तर मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यायला हातात दोन वर्षं असतात.

जातीच्या दाखल्याचं गणित आणखी मागे जातं. गुहागर तालुक्यात कुणबी, भंडारी अशा इतर मागास प्रवर्गातल्या समाजांची वस्ती मोठी आहे. या प्रवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख आहे. म्हणजे वडिलांचा शाळेचा दाखला बहुतेकदा पुरत नाही. आजोबा किंवा त्यांच्या भावंडांपर्यंत जावं लागतं.

आजोबा ज्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले, तिथल्या रजिस्टरात त्यांची नोंद असते. शाळेत गेलेच नसतील, तर तहसील कार्यालयातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, धुंडाळाव्या लागतात. काही नोंदी मोडी लिपीत असतात, त्या वाचून घ्यायला जाणकार शोधावा लागतो. नाव ‘गोविंद रामा’ एवढंच असतं, आडनाव नसतं. मग वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं. या सगळ्याला आठवडे लागतात, कधी महिने. प्रवेशाची मुदत तेवढी थांबत नाही. काम नववीच्या दिवाळीत सुरू केलं तर मुंबईहून काका गावी आलेले असतात. जुने कागद कुठल्या पेटीत आहेत, हे बऱ्याचदा त्यांनाच माहीत असतं.

जातीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रही लागतं आणि त्याला मुदत असते. पुढे अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे जायचं असेल तर जातवैधता प्रमाणपत्रही हवं. त्याचा अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत करतात.

अकरावी : दहा पसंती आणि एक एसटी

२०२५ पर्यंत अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरताच होता. वेळणेश्वरची मुलगी निकालाची प्रत घेऊन कॉलेजात जायची, फॉर्म भरायची, यादी फळ्यावर लागायची. २०२५-२६ पासून ही ऑनलाइन पद्धत अख्ख्या राज्याला लागू झाली. पहिल्याच वर्षी संकेतस्थळ कोलमडलं, नोंदणी काही दिवस पुढे ढकलावी लागली, आणि तालुक्याच्या गावांतल्या सायबर कॅफेंना सुगीचे दिवस आले.

त्या वर्षीच्या पद्धतीत अर्जाचे दोन भाग होते. पहिल्या भागात वैयक्तिक माहिती, आरक्षण, कागदपत्रं. दुसऱ्या भागात कॉलेजांची पसंती, किमान एक आणि जास्तीत जास्त दहा. नोंदणीचं शुल्क १०० रुपये. जागांचा तुटवडा नव्हता. दहावीला नियमित विद्यार्थी साडेचौदा लाख पास झाले आणि अकरावीच्या जागा राज्यभरात २० लाखांहून जास्त होत्या. गोंधळ होतो तो पसंतीक्रमाच्या नियमामुळे.

नियम असा : पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचं कॉलेज मिळालं, तर ते नाकारून पुढच्या फेरीची वाट पाहता येते. मुंबई-पुण्यातल्या पालकांना हे वर्षानुवर्षं पाठ आहे. ‘मिळणार नाहीच, पण लिहून तर ठेवू’ म्हणून चिपळूणचं नावाजलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकणाऱ्याला ते खरोखरच मिळालं तर? खोली भाड्याने घ्यायची की रोज जाऊन-येऊन करायचं, हे तेव्हा ठरवायला वेळ नसतो.

शहरात पसंतीक्रम कट-ऑफ पाहून लावतात. वेळणेश्वरमध्ये तो एसटीचं वेळापत्रक पाहून लावणं जास्त शहाणपणाचं. समजा, एका वाडीतली मुलगी सायन्स घेतेय. प्रात्यक्षिकं दुपारी संपतात. त्यानंतर गावाकडे येणारी गाडी मिळते का? ती चुकली तर पुढची कधी? फाट्यावर उतरून वाडीपर्यंत किती चालायचं, आणि जुलैच्या पावसात, काळोखात तो रस्ता कसा असतो? मोबाइलच्या नकाशावर कॉलेजचं अंतर किलोमीटरमध्ये दिसतं. चढ, वळणं आणि खाडी त्यात मोजलेली नसते. जयगड नकाशावर हाताच्या अंतरावर वाटतं, पण मध्ये खाडी आहे आणि तवसाळहून फेरीबोट धरावी लागते.

तेव्हा दहा रकाने भरायलाच हवेत असं नाही. जिथे रोज जाता येईल किंवा राहायची खरी सोय आहे, तेवढीच नावं लिहावीत. तीन असतील तर तीन.

मामाकडे मुंबईला पाठवायचं की नाही, हेही अर्ज भरायला बसण्याआधी घरात ठरलेलं हवं. कोकणात हा निर्णय पिढ्यान् पिढ्या होत आलाय. पण आता मामाची खोलीही लहान आहे आणि त्याच्याही मुलाचं दहावीचं वर्ष असू शकतं. ज्याला जायचंय त्या मुलाला यात कुणी विचारलं का, हाही प्रश्न आहेच.

मोबाइल नंबर तर आधी ठरवा. नोंदणीला जो नंबर दिला त्यावर ओटीपी आणि सूचना येतात. तो गावातल्या, रोज हातात असणाऱ्या फोनचा हवा. सायबर कॅफेवाल्याचा नंबर देऊ नये, पासवर्डही त्याच्या वहीत ठेवून येऊ नये. नियम दर वर्षी थोडे बदलतात, त्यामुळे गावातल्या ताईने गेल्या वर्षी काय केलं यापेक्षा त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहावी. पावसात नेटवर्क आणि वीज दोन्ही जातात, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहणं धोक्याचं.

प्रवासाचा खर्च थोडा हलका होतो. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे एक तृतीयांश पैसे भरायचे.

इंजिनीअरिंग कॉलेज गावातच, वाट मात्र लांबची

वेळणेश्वरची एक गंमत आहे. ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचं महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय २०१२ पासून इथे आहे. त्यामुळे गावातल्या मुलाला अभियांत्रिकी म्हणजे काय हे लांबून का होईना, दिसत असतं. पण दहावीच्या वर्गातून त्या वर्गात जायला दोनच रस्ते आहेत.

पहिला : अकरावी-बारावी सायन्स, त्यात भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. बारावीला संबंधित विषयांत किमान ४५ टक्के, आरक्षित प्रवर्गांना ४०, आणि एमएचटी-सीईटी किंवा जेईई. अकरावीला गणित सोडून फक्त जीवशास्त्र घेतलं तर ही वाट तिथेच बंद होते, आणि बऱ्याच घरांत हे बारावीत कळतं. सीईटीच्या अभ्यासक्रमात अकरावीचा भाग साधारण २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के असतो. ‘अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष’ ही समजूत महाग पडते ती यामुळेही.

दुसरा : दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. पदविकेला दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, सीईटी नाही. रत्नागिरीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. ज्या मुलाचा हात यंत्रावर चालतो पण पाठांतर जमत नाही, त्याला हा रस्ता बरेचदा जास्त मानवतो. अडचण राहण्याची येते, म्हणून वसतिगृहाची चौकशी आधी करावी.

मुलींच्या बाबतीत एक हिशेब बदलला आहे. २०२४-२५ पासून, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. ‘मुलीच्या इंजिनीअरिंगला पैसे कुठून आणायचे’ असं म्हणून दहावीलाच विषय संपवणाऱ्या घरांनी हे पाहून घ्यावं. वसतिगृह, प्रवास, पुस्तकं यांचा खर्च राहतोच.

सगळ्यांनी अभियंता व्हावं असंही काही नाही. आयटीआयमधला वेल्डर, इलेक्ट्रिशियन, फिटर याला अंजनवेलच्या वीज प्रकल्पापासून जयगडच्या बंदरापर्यंत जवळपासच शिकाऊ उमेदवारी आणि कामाची शक्यता असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे शेतीचे आणि रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्यविद्येचे अभ्यासक्रम आहेत. आंबा, सुपारी आणि मासळीवर चालणाऱ्या घरातल्या मुलाला या वाटा शेवटी सुचवल्या जातात, हे नवलच.

आठवीतली परीक्षा, बारावीपर्यंतचे पैसे

एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत एकदाच देता येते. शासकीय आणि अनुदानित शाळांतली, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या घरातली मुलं पात्र असतात. सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५० चालतात. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. चार वर्षांचे ४८ हजार. आठवी संपली की संधी संपली, त्यामुळे सातवीच्या निकालानंतर लगेच वर्गशिक्षकांना विचारावं.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे, खेळांचे आणि लोककलांचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. जाखडी-नमनात नाचणाऱ्या मुलांनी लोककलेच्या गुणांसाठी कुठले पुरावे लागतात ते वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेत विचारून ठेवावं. प्रस्ताव ठरलेल्या मुदतीत शाळेमार्फत जातो.

आणि जो मागे राहिला त्याचं काय?

शंभरातले अठ्ठ्याण्णव पास होतात तिथे उरलेल्या दोघांना लपायला जागा नसते. नागपूर विभागात २०२५ चा निकाल ९०.७८ टक्के होता, तिथे नापास मुलाला आपल्यासारखे आणखी काही जण वर्गात सापडतात. वेळणेश्वरसारख्या गावात तो अनेकदा वर्गातला एकटाच असतो, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यांना ते कळलेलं असतं. मुंबईहून फोन येतात. प्रत्येक जण टक्के विचारतो.

त्या दिवशी पालकांनी फोन स्वतः घ्यावेत आणि मुलाला एकटं सोडू नये. जेवण, झोप तुटली, मूल बोलेनासं झालं, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच.

मग नियम पाहायचे. एक किंवा दोन विषयांत राहिलेल्याला एटीकेटीवर त्याच वर्षी अकरावीत बसता येतं. राहिलेले विषय सोडवायला पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्येच होते, त्यासाठी अर्ज शाळेतून भरतात आणि मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. गुण अनपेक्षित वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, ती विषय शिक्षकाला दाखवायची आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. छायाप्रतीशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही. हे सगळे अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन असतात, आणि तिथेही ओटीपी लागतो.